हाडांचा निरोप

आरती चालायला लागली तीच उशिरा, आणि चालायला लागल्यावर वर्षाच्या आत तिचे पाय वाकायला लागले. घोटे जुळवून उभी केली की दोन गुडघ्यांच्या मधून मांजराचं पिल्लू निघून जाईल एवढी फट दिसायची. ती दोन्ही बाजूंना झुकत चालायची. वस्तीवरच्या बायका आधी कौतुकानं हसायच्या. मग हसणं थांबलं आणि विचारणं सुरू झालं.

वस्ती शेवगावच्या पूर्वेला, गावापासून लांब, उघड्या माळावर. घरात माणसं चार. अजिनाथ, त्याची बायको पंकजा, लेक आरती आणि अजिनाथची आई लंकाबाई. पूर्वी नवराबायको ऊसतोडीला जायची. पण अजिनाथच्या गुडघ्यांना ते काम झेपेना, म्हणून त्यानं शेवगावात पाण्याच्या मोटारी भरायच्या दुकानात काम धरलं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची. बसून करायचं काम.

आरतीच्या पायांचं कारण लंकाबाईला ठाऊक होतं. ती ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगायची.

"पोटुशी असताना ऊस तोडला हिनं. मोळ्या घिऊन फळीवरून ट्रकात चढायची. पोरगी जलमली तर अंगावर धड पाजलं न्हाई. हाडं कशानं भरनार?"

पंकजा आत भाकरी थापत असायची. तिला सगळं ऐकू जायचं, आणि ते ऐकू जावं म्हणूनच लंकाबाई बोलायची. सुरुवातीला पंकजा उत्तर द्यायची. नंतर नंतर तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. मोळी डोक्यावर घेऊन फळी चढताना पोटात कळ आलेली तिला आठवायची. दूध कमी येतंय असं मुकादमाच्या बायकोला सांगितलेलं आठवायचं.

घरात एक गाय होती. वस्तीवरचं सगळ्यांचं दूध डेअरीला जायचं, या घरचं जायचं नाही. लंकाबाईनं ते कधी जाऊ दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध आरतीपुढे ठेवायची आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही. पोरीनं ओकून टाकलं तर दुसरा पेला. शिवाय अंडी, नाचणीची पेज, तिळाचे लाडू. अंगाला तेल चोळून कोवळ्या उन्हात बसवायचं, ऊन कडक झालं तरी उठवायचं नाही. पोर रापून गेली, पण पाय सरळ झाले नाहीत.

तालुक्याच्या एका डॉक्टरनं मुडदूस आहे म्हणून सांगितलं. कॅल्शियमचं औषध दिलं, ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. फरक पडला नाही तशी आणखी दिली. दुसऱ्या डॉक्टरनं पहिल्यानं काय दिलं ते न विचारता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लंकाबाई प्रत्येक वेळी म्हणायची, "द्या, अजून द्या. हाडं पोकळ हायती तिची."

अजिनाथचे पायही वाकडेच होते. पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तो लहानपणी बैलगाडीच्या साटीत बसून वाढला म्हणून त्याचे पाय तसे, असं सगळे म्हणायचे. लंकाबाई स्वतः ठेंगणी, चालताना डुलणारी. तिनं जन्मभर ओझी वाहिली म्हणून ती वाकली. तिचे दात तरुणपणीच पडले, ते मिश्रीनं. अजिनाथच्या हिरड्या सारख्या सुजायच्या, त्या तंबाखूनं. एकाच घरातल्या माणसांच्या हाडादातांना प्रत्येकाचं वेगळं कारण होतं, आणि ती सगळी कारणं एकत्र मांडून बघायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आरती खाईनाशी झाली. सारखं पाणी मागायची, उलट्या करायची, कोपऱ्यात पडून राहायची. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरनं तिला पाहिलं, आधीच्या इंजेक्शनांचं विचारलं आणि सांगितलं, वेळ घालवू नका, नगरला न्या.

नगरच्या त्या दवाखान्यात लहान मुलांच्या हाडांच्या एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी आरतीला दारापासून खिडकीपर्यंत चालवलं. मग अजिनाथकडे वळल्या.

"तुम्ही आत येताना मी पाहिलं. जरा चप्पल काढून सरळ उभे राहता का?"

अजिनाथ संकोचला. "मला काय न्हाई झालेलं. पोरीचं बघा तुमी."

"तिचंच बघतेय," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी त्याचे पाय पाहिले, तोंड उघडायला लावून दात पाहिले. आरतीला किती इंजेक्शनं झाली ते विचारलं. पंकजानं खाली मान घालून सांगितलं, "लई झाली. मोजली न्हाईत." त्यावर मॅडम तिला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता यापुढे एकही नाही." आरतीला ॲडमिट करून घेतलं, सलाईन लावलं, रक्त-लघवी तपासली, पोटाची सोनोग्राफी केली. अजिनाथचंही रक्त घेतलं. मग अजिनाथला म्हणाल्या, "तुमच्या आई आहेत ना? त्यांना घेऊन या. मला त्यांना भेटायचंय."

लंकाबाई आली ती तयारीनं आली. सुनेचं काय काय चुकलं ते सांगायचंच होतं तिला. पण मॅडमनी आधी तिचं रक्त घ्यायला लावलं. तपासण्यांचे निकाल आल्यावर सगळ्यांना समोर बसवलं आणि स्वतः बोलायला लागल्या.

"हाड बनायला दोन वस्तू लागतात. एक कॅल्शियम, दुसरी फॉस्फेट. लोक कॅल्शियमच तेवढं धरून बसतात. पण रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतःच फार जपतं. ते ढळलं तर हृदय, हातपाय, काहीच नीट चालणार नाही. त्यासाठी गळ्यात चार बारीक ग्रंथी असतात, तुरीच्या दाण्याएवढ्या. कॅल्शियम जरा कमी पडलं की त्या हाडांकडून मागून घेतात आणि रक्तात आणून ठेवतात. आरतीचं कॅल्शियम कमी नव्हतंच. उलट इंजेक्शनांनी ते वाढलं. म्हणून उलट्या, म्हणून तहान. थोडं तिच्या किडनीत जाऊन बसलंय."

पंकजानं आरतीच्या पाठीवर हात ठेवला.

"कमी आहे ते फॉस्फेट. आणि ते कुणी तपासलंच नाही. फॉस्फेट किती राखायचं आणि किती लघवीतून सोडायचं ते काम किडनीचं. पण किडनीला निरोप येतो हाडांकडून. पुरे झालं, आता सोडून दे, असा. निरोगी माणसात गरजेपुरताच तो निरोप जातो. आरतीची हाडं तो सारखी पाठवतात. हाडं रिकामी आहेत, तरी निरोप जातोय की भरलंय, सोड."

अजिनाथ म्हणाला, "म्हंजी टाकी गळकी हाय."

"टाकी चांगली आहे. नळ उघडा राहिलाय, आणि तो बंद करता येत नाही."

लंकाबाई पुढे सरकली. तिनं विचारलं, "आन् दूध?"

"दुधात दोन्ही असतं, आजी. पण हिला जेवढं पाजाल तेवढं फॉस्फेट निघून जाणार. पेलाभर पाजा, नाहीतर हंडाभर पाजा."

"आन् न्हाई पाजलं तर?"

"नाही पाजलं असतं तरी हेच झालं असतं."

"न्हाई पाजलं तरी," लंकाबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. पंकजाला वाटलं, म्हातारी आपल्याबद्दलच विचारतेय, आता तरी हिची खात्री पटावी.

मॅडम पुढे बोलत होत्या. हा आजार घराण्यातून येतो. बापाला असेल तर त्याच्या प्रत्येक मुलीला येतो, मुलाला येत नाही. आईला असेल तर मुलगा असो की मुलगी, येऊही शकतो किंवा नाहीही. अजिनाथच्या रक्तात तो आहे. आजींच्याही रक्तात आहे. त्यात कुणाच्या खाण्यापिण्याचा, कामाचा, पाजण्याचा संबंध नाही.

"आजी, तुमच्या घरात आणखी कुणाचे पाय असे होते का?"

लंकाबाईनं पदर ओठांवर धरला. "एक लेक हुती. मनकर्णा."

"कुठं असते?"

"बाळंतपनात गेली."

"मूल अडलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"व्हय."

"या आजारात कंबरेचं हाडही नीट वाढत नाही, आजी. मुलाला बाहेर यायची वाट अरुंद होते. तिचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं होतं."

"म्हंजी उपासमारीनं न्हाई."

"नाही. उपासमारीचा काही संबंध नाही."

लंकाबाई उठली आणि कुणाला काही न सांगता बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली.

आरतीला औषध सुरू झालं. फॉस्फेटची पूड पाण्यात विरघळवून दिवसातून चार-पाच वेळा थोडी थोडी द्यायची. एकदम दिली तर पोट बिघडतं, आणि थोड्या वेळात सगळी वाहूनही जाते. दुधासोबत द्यायची नाही, कारण दुधातलं कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं. नुसती पूड दिली तर गळ्यातल्या त्या ग्रंथी बिथरतात आणि हाडातलं कॅल्शियम ओढायला लागतात, म्हणून सोबत एक छोटी गोळी. आणि दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं, कारण गोळी जास्त झाली तर पुन्हा किडनीला त्रास. मॅडमनी हे सगळं पंकजाला दोनदा समजावलं, आणि तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस लंकाबाई धड जेवली नाही. ओट्यावर बसायची, पण आल्यागेल्याशी बोलायची नाही. पंकजाला आतून काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याच वेळी राग चढत होता. एवढी वर्षं उगाच ऐकून घेतलं, याचा. अजिनाथ तर घरात असून नसल्यासारखा. एका संध्याकाळी तो आरतीच्या पायांकडे बघत बसला होता. पंकजानं जवळ येऊन विचारलं, "काय झालं?"

"आई तुला बोलायची तवा मी गप बसायचो," तो म्हणाला. "आन् हे तर माझंच हुतं."

पंकजाला त्याची समजूत घालता आली असती. पण तिला ती घालावीशी वाटली नाही. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई तिच्यापुढे उभी राहिली. "खर्ड्याला जायचंय. तू संगं चल."

"खर्ड्याला कोन हाय?"

"मनूचं सासर."

"मग तुमी जावा. मला कशाला?"

"त्या बाईनी काय सांगितलं ते मला नीट सांगता यायचं न्हाई. तू सांग."

पंकजानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "आत्या, एवढी वर्सं मला बोललात तुमी. वट्यावर बसून, आल्यागेल्याला सांगून. माझ्या माहेरच्या मानसांना सुदीक सांगितलं. ते कोन पुसनार?"

लंकाबाईनं ते भांडं उचलून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "चल म्हनते ना."

पंकजाला नाही म्हणायचं होतं. पण लंकाबाईनं आजवर तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. हे मागणं होतं. अजिनाथनं दुकानातून रजा घेतली, आरतीला कधी किती पाजायचं ते पंकजाकडून समजून घेतलं, आणि दोघी निघाल्या.

पाथर्डीला गाडी बदलली. जामखेडच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, आणि गाडी गावाबाहेर पडल्यावर लंकाबाई आपणहून बोलायला लागली. पंकजा या घरात आली तेव्हापासून मनकर्णाचं नाव तिनं दोन-चारदाच ऐकलं होतं. घरात तिचा फोटोही नव्हता.

"दोन शेरड्या हुत्या आन् एक म्हैस. दूध सगळं डेरीला. पोरांना च्यापुरतं ठेवायचे. तवा सगळेच तसं करायचे. मनूचे पाय वाकडे व्हायला लागले तवा माझी सासू म्हनायची, वाढत्या वयात व्हतील नीट. न्हाई झाले. हाडं दुखायची तिची, पर सांगायची न्हाई. उसाच्या फडात हनुमंतानं तिला बघितलं. आमच्या टोळ्या एकाच कारखान्यावर हुत्या. त्यो म्हनला, हीच करायची. त्याची आई भीमाबाई नको म्हनत हुती. त्यानं ऐकलं न्हाई."

गाडी एका थांब्यावर थांबून पुन्हा सुटली.

"बाळंतपनाला खर्ड्यातच ठिवली तिला. मूल आडलं. जीप लई उशिरा मिळाली. जामखेडच्या म्होरं गेलीच न्हाई पोरगी. लेकरू बी गेलं. मयतीला भीमाबाई समद्या मानसांत म्हनली, दूध इकलं आन् पोरगी उपाशी ठिवली हिनं. पोकळ हाडाची पोर आमच्या गळ्यात मारली. मी काय म्हननार? दूध तर इकलंच हुतं."

पंकजा तिच्याकडे बघत राहिली. लंकाबाई बाहेर बघत होती.

"मग आरती वाकडी चालायला लागली. मला वाटलं, पुन्हा तेच. कुनीतरी पोरीला उपाशी ठिवलं असंल. ह्या बारीला म्या न्हाई ठिवलं. मग तूच."

पंकजाचा राग गेला नाही. पण आता त्याला धरायला पूर्वीसारखी जागा राहिली नाही. जामखेडला उतरून दोघींनी खर्ड्याची गाडी धरली.

खर्ड्यात किल्ल्याच्या अलीकडे उतरून, विचारत विचारत त्या हनुमंतच्या घरी पोचल्या. हनुमंत आता पिकल्या केसांचा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस होता. त्यानं लंकाबाईला ओळखायला वेळ घेतला. ओळखल्यावर मात्र लगबगीनं पुढे येऊन पाया पडला.

"मामी, तुमी? एवढ्या वर्सांनी?"

त्याची दुसरी बायको छबूबाई पाणी घेऊन आली. पडवीत बाजेवर एक म्हातारी पडून होती, अंगावर गोधडी. लंकाबाईनं पाण्याला हात लावला नाही. ती थेट बाजेशी गेली.

"भीमाबाई, वळखलं का?"

भीमाबाईनं डोळे बारीक केले. "कोन, सोनाराची कमळा व्हय?"

"मी लंका. मनकर्णाची आई."

"बस की मग."

लंकाबाईनं पंकजाकडे पाहिलं. पंकजा बाजेजवळ खाली बसली आणि सांगायला लागली. डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं तसंच. हाडांना काय लागतं, ते लघवीतून कसं निघून जातं, हा आजार आईच्या पोटातून कसा येतो, मनकर्णाच्या कंबरेचं हाड का वाढलं नाही. तिला आश्चर्य वाटलं, तिच्या तोंडून ते सगळं सरळ येत होतं. शेवटी ती म्हणाली, "उपाशी ठेवल्यानं काय झालं न्हाई ते. दूध पाजलं असतं तरी तसंच झालं असतं."

भीमाबाई मन लावून ऐकत होती. पंकजा थांबली तशी तिनं विचारलं, "कुनाची पोर म्हनायची ती?"

"तुमची सून. मनकर्णा."

"माझी सून छबू हाय."

हनुमंत हळू आवाजात म्हणाला, "तिला काय ठाव ऱ्हात न्हाई, मामी. सकाळी जेवली का न्हाई ते बी सांगता यायचं न्हाई तिला. मला कंदी कंदी वळखती."

"मग तू ऐक," लंकाबाई म्हणाली.

"ऐकलं की मामी. सगळं ऐकलं." त्यानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. "आता कोन आठवतंय ते? झालं गेलं. तुमी मनाला लावून घिऊ नका."

तो चहाची साखर बघतो म्हणून बाहेर गेला, आणि बराच वेळ आला नाही. लंकाबाई पडवीच्या खांबाला टेकून बसली. जिनं तो आरोप केला ती विसरून गेली होती. ज्यांच्यासमोर केला ती माणसं कुठं कुठं विखुरली होती, कितीतरी मरून गेली होती. आरोप तेवढा तिच्यापाशी एकटीपाशी राहिला होता, आणि तो परत घ्यायला आता कुणी नव्हतं.

छबूबाई इतका वेळ दाराशी उभी होती. ती आत गेली आणि मुठीत काहीतरी घेऊन आली. लंकाबाईसमोर बसून तिनं मूठ उघडली. चांदीचा एक छोटा टाक होता, देवात ठेवतात तसा. पत्र्यावर एक बाई ठोकलेली, हात जोडून सरळ उभी.

"माझं लगीन झालं तवा ह्यांनी करून घेतला," छबूबाई म्हणाली. "ताईंचा हाय. आमच्या देव्हाऱ्यात असतो. अमावस्येला निवद दावते. तुमची लेक हितं हाय, मामी."

लंकाबाईनं टाक हातात घेतला. अंगठ्यानं त्यावरून हात फिरवला, डोक्यापासून पायांपर्यंत. तिला रडू आलं ते आवाज न करता आलं.

"मनू," ती म्हणाली, "म्या तुला उपाशी न्हाई ठिवलं गं. तसं न्हाई झालं ते." मग पुन्हा अंगठा फिरवत, "पर आलं माझ्यातूनच, बाई. मला ठाव नव्हतं."

पंकजा उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. हात धरला नाही, नुसती बसली.

बाजेवरून भीमाबाईनं विचारलं, "रडती कशाला ती? छबू, जेवायला वाढ तिला. लांबून आली असंल."

छबूबाईनं दोघींना पिठलं-भाकरी वाढली. निघताना ती टाक देऊ करत होती, पण लंकाबाईनं घेतला नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "हितं तिला निवद तरी मिळतो."

खर्ड्याहून आल्यावर लंकाबाईनं पंकजाची माफी मागितली नाही. ती शेवटपर्यंत मागितली नाही. पण तिनं पुन्हा ओट्यावर बसायला सुरुवात केली, आणि जी बाई येईल तिला थांबवून सांगायला लागली, "पंकजाचा काय दोष न्हाई बरं. तिनं ऊस तोडला म्हनून न्हाई झालं पोरीला. माझ्यातून आलंय. माझ्यातून अज्यात, अज्यातून पोरीत." ज्या ज्या बाईला पूर्वी सांगितलं होतं तिला तिला बोलावून घेऊन सांगितलं. पंकजाची आई भेटायला आली तेव्हा तिच्यासमोरही सांगितलं. पंकजाला शेवटी ते ऐकवेना.

"बास करा आत्या आता. समद्यांना कळलं."

"मळ्यातल्या सहादेवच्या आईला न्हाई कळलं अजून," लंकाबाई म्हणाली.

आरतीचं औषध पंकजानं चुकू दिलं नाही. दुपारचं द्यायला ती अंगणवाडीत जायची. पोरीला ती चव आवडायची नाही, कधी पोट बिघडायचं. वर्षभरात तिचा डावा पाय बराच सुधारला. उजव्याला मोठी झाल्यावर ऑपरेशन लागेल, असं मॅडम म्हणाल्या. किडनीतलं जे बसलं होतं ते तसंच होतं, वाढलं नव्हतं.

मॅडमनी लंकाबाईलाही औषध सांगितलं होतं. तिची हाडं आतून मऊ झालीत, मांडीच्या हाडाला बारीक चीर गेलीय, ती वाढू शकते, असं एक्स-रे बघून सांगितलं होतं. लंकाबाईनं ते औषध घेतलं नाही. "माझं आता काय ऱ्हायलंय," म्हणायची. पंकजा पाण्यात पूड कालवून पुढे ठेवायची, आणि लंकाबाई ते गोठ्यात ओतून टाकायची.

दिवाळीनंतर एका सकाळी ती बाजेवरून उठायला गेली. पडली नाही, घसरली नाही. नुसती उठली आणि मांडीत काडकन मोडलं. नगरला नेऊन आत सळई घातली, पण हाड जुळेना. घरी आणल्यावर ती अंथरुणालाच खिळली. पंकजानं तिचं सगळं केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, हगणं-मुतणं. लंकाबाई तिच्याशी फारसं बोलायची नाही. कूस बदलताना दुखलं की तिचं मनगट मात्र घट्ट धरायची आणि कळ जाईपर्यंत सोडायची नाही. थंडी सरता सरता छातीत कफ झाला आणि ती गेली.

राख सावडायला पुरुष मंडळी गेली. अजिनाथ परत आला तेव्हा बाहेर पाहुणे बसले होते. तो मागच्या दारानं आत आला आणि चुलीपाशी बसला. पंकजानं पाणी दिलं. ते त्यानं हातातच धरून ठेवलं.

"हाडं लई गावली न्हाईत," तो म्हणाला. "हात लावला की चुरा व्हायचा. कवठाएवढ्या गाडग्यात मावली आई."

पंकजा त्याच्यासमोर बसली. त्यालाही औषध सांगितलेलं होतं, आणि तोही आज घेतो, उद्या घेतो करत टाळत होता. नगरला गेलं की मॅडम विचारायच्या, आणि तो खाली बघायचा.

"तुमचं औषध आजपासून सुरू करायचं," ती म्हणाली.

"आज ऱ्हाऊ दे. आज घरात मानसं हायती."

"आजच." तिनं पूड काढली, पाण्यात टाकली, चमच्यानं ढवळली. "लेकीनं उद्या तुमच्याकडं बघून म्हनावं, माझे बाबा बी असेच मोडून गेले, हे मला नको. मी अजून एक मानूस कुशीवर वळवनार न्हाई. मला ते व्हनार न्हाई."

बाहेरून कुणीतरी अजिनाथला हाक मारली. तो उठला नाही. त्यानं पेला घेतला, एका दमात प्यायला, तोंड वाकडं केलं आणि पेला खाली ठेवून तिथंच, गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. आरती दारातून आत आली. ती थोडा वेळ बापाकडे बघत राहिली आणि मग त्याच्या पाठीला टेकून खाली बसली.